गणपतीच्या कारखान्यातली हवा

पेणच्या गणपतीवरून गेली पंधरा वर्षे जो वाद चालू आहे, तो पाण्याचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये विसर्जनाबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या, मे २०२० मध्ये त्या सुधारून प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई केली. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती मनाई काटेकोर पाळायला सांगितली. मग डॉ. अनिल काकोडकर अध्यक्ष असलेल्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या अभ्यासानंतर जूनमध्ये मूर्ती घडवायला मोकळीक मिळाली. नैसर्गिक पाण्यात विसर्जनावरचे बंधन राहिले. पेणजवळच्या हमरापूर, जोहे, तांबडशेत, कळवे या मूर्तिकारांच्या गावांत या प्रत्येक तारखेला लोकांचा जीव टांगणीला लागलेला असे. या सगळ्या कागदांत नद्या आहेत, तळी आहेत, समुद्र आहे, मासे आहेत, आणि ती काळजी रास्तच आहे. पण मूर्ती जिथे तयार होते त्या पत्र्याच्या शेडमधल्या हवेचा, आणि दिवसभर ती हवा आत घेणाऱ्या माणसांचा उल्लेख या वादात क्वचितच येतो.

हमरापूरच्या पट्ट्यातला एक रंगारी मात्र हाच विषय काढून बसतो. दिवसा तो कारखान्यात रंगाची गन चालवतो आणि संध्याकाळी गावच्या भजनी मंडळाचा बुवा असतो. त्यामुळे कारखान्याने गळ्याचे काय केले हे त्याला पेटीच्या पट्टीवर मोजता येते. माघ-फाल्गुनात, रंगकाम थोडे असते तेव्हा, तो काळी चारमध्ये मोकळा गातो. श्रावणात पेटीवाला काही न विचारता काळी दोन धरतो. काळी चारचा तार षड्ज म्हणजे सेकंदाला सुमारे ४१५ कंपने. काळी दोनचा ३११. एवढा फरक एका हंगामात पडतो. तोही पुरत नाही, कारण खालच्या स्वरांत खरखर येते, अभंग चढणीला लागला की आवाज चिरकतो आणि गजर संपायच्या आत खोकल्याची उबळ येते. ज्या दिवसांत घरोघर आरत्या असतात, रात्रीची जागरणे असतात, गावाला बुवाचा आवाज सर्वांत जास्त हवा असतो, नेमका त्याच दिवसांत तो बसलेला असतो. "बुवा, आज आवाज लागत नाय," असे पखवाजवाला हळूच सांगतो. भाद्रपद सरला, कारखाना रिकामा झाला, की दिवाळीपर्यंत गळा हळूहळू परत येतो. आधी तो पूर्ण परत यायचा. आता थोडी खरखर मागे राहते.

कारखान्यात पाऊल टाकल्यावर पहिल्यांदा दिसते ती पांढरी पूड. पंख्याच्या पात्यांवर, ट्यूबलाइटवर, पाण्याच्या माठावरच्या ताटलीत, बायकांच्या पापण्यांवर. राजस्थानातून गोण्या येतात. जिप्सम हा खडक दीडशे अंशांच्या आसपास तापवला की त्यातले बरेचसे पाणी निघून जाते आणि उरते ते प्लास्टर ऑफ पॅरिस. त्याला पाणी परत मिळाले की काही मिनिटांत ते घट्ट होते, आणि घट्ट होताना गरमही होते. साच्यात काथ्या घालून ओतलेली मूर्ती हातात धरली तर ती ऊब कळते. ओतकाम ओले असते, तेव्हा धूळ उडते ती फक्त गोणी फोडताना आणि पूड घमेल्यात उपसताना. खरी धूळ त्यानंतरची. साच्यातून निघालेल्या मूर्तीचे सांधे बुजवतात, ती सुकवतात आणि मग पॉलिश पेपरने घासतात. घासकाम बहुतेक बायका करतात. मांडीवर मूर्ती, तोंडाला पदर किंवा ओढणी, आणि समोर अगदी वीतभर अंतरावर उडणारी पूड. घासताना तोंडाने फुंकर मारायची सवय सगळ्यांना असते, कारण सोंडेच्या वळणात साठलेली पूड बोटाने निघत नाही. ती फुंकर परत त्यांच्याच तोंडावर येते.

ही पूड किती वाईट? याचे उत्तर फुगवून सांगायची गरज नाही. अमेरिकेची व्यावसायिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था, नायॉश, प्लास्टर ऑफ पॅरिसबद्दल डोळे, कातडी, नाक-घशाचे अस्तर यांची जळजळ, शिंका आणि खोकला अशी लक्षणे नोंदवते. पूर्ण पाळीच्या सरासरीने एका घनमीटर हवेत एकूण धूळ १० मिलिग्रॅमपर्यंत आणि फुप्फुसात खोल जाणारी बारीक धूळ ५ मिलिग्रॅमपर्यंत, ही त्यांची मर्यादा. म्हणजे ही धूळ त्रासदायक मानली गेली आहे, विषारी नव्हे. मध्य प्रदेशात मंदसौरला पाटीवरच्या पेन्सिली कापणारे आणि गुजरातेत खंभातला अकीक घासणारे कामगार ज्या सिलिकोसिसने गेले, ज्याचा अभ्यास अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने केला, तो सिलिकाच्या धुळीचा आजार आहे. शुद्ध जिप्सम तसे करत नाही. पण खाणीतून निघालेल्या जिप्सममध्ये क्वार्ट्झ मिसळलेले असू शकते. कोणत्या गोणीत किती, हे गोणीवर छापलेले नसते. निव्वळ जळजळ झाली तरी ती रोज, महिनोन् महिने होते, तेव्हा तिला किरकोळ म्हणणे सोपे राहत नाही. गळ्यावर जगणाऱ्या माणसाला तर नाहीच.

कारण आवाज ओलाव्यावर चालतो. दोन स्वरतंतू बोलताना पुरुषाचे सेकंदाला साधारण शंभर-सव्वाशे वेळा आणि बाईचे दोनशेच्या आसपास एकमेकांवर आपटतात, गाताना त्याहून कितीतरी जास्त. त्यांच्यावर पातळ, ओला श्लेष्म असतो म्हणून ते हजारो आपट्या सोसतात. धूळ बसली की तो थर दाट आणि चिकट होतो. मग माणूस खाकरतो. खाकरणे म्हणजे स्वरतंतू जोराने एकमेकांवर रगडणे. त्याने सूज येते, सुजेमुळे घशात काहीतरी अडकल्यासारखे वाटते, म्हणून तो पुन्हा खाकरतो. रंगाऱ्याची थोरली बहीण जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तिला हे दुष्टचक्र पाठ आहे, कारण शाळेचा खडूही बहुतेक जिप्समचाच. भाऊबीजेला दोघे घसा खाकरत एकमेकांसमोर बसतात, तेव्हा त्यांच्या घशात एकाच खनिजाची पूड असते. अमेरिकेतल्या आयोवा आणि युटा राज्यांतल्या शिक्षकांचा एक मोठा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आयुष्यात कधी ना कधी आवाजाचा विकार झालेले शिक्षक ५७.७ टक्के होते, इतर लोक २८.८ टक्के. शिक्षकांच्या बाबतीत मुख्य कारण अर्थातच सतत मोठ्याने बोलणे. पण मोठ्याने बोलण्याची सक्ती गणपतीच्या कारखान्यातही आहेच.

ती सक्ती कॉम्प्रेसरची. गनला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर शेडच्या कोपऱ्यात धडधडत असतो. साधे बोलणे एक मीटरवरून ६० डेसिबलच्या आसपास असते; छोटा कॉम्प्रेसरही सहज ८० च्या वर जातो. एत्येन लोम्बार या फ्रेंच डॉक्टरने १९११ मध्ये दाखवून दिले की गोंगाटात माणूस नकळत आवाज चढवतो, ठरवले तरी त्याला तो खाली ठेवता येत नाही. रंगाऱ्याने "पिवळा दे", "मूर्ती फिरव", "थांब, ओला आहे" एवढेच म्हटले तरी ते ओरडून म्हणावे लागते. म्हणजे सुजलेल्या, कोरड्या, पूड बसलेल्या गळ्यातून दिवसभर ओरडायचे आणि रात्री त्याच गळ्याने अभंग गायचा.

आणि मग रंग. देहाचा रंग, सोवळे, शेला हे सगळे आता गनने होते. ब्रश उरला तो आखणीपुरता. गनमधून निघालेल्या रंगातला काही भाग मूर्तीवर बसतो, उरलेला धुके होऊन हवेत राहतो. पाण्यातले रंग असले तरी ते धुके छातीत जातेच. सोनेरी आणि चमकदार रंगांसाठी थिनर येतो, त्यात टोल्युइन, झायलीन अशी द्रावणे असतात. त्यांनी डोळे चुरचुरतात, डोके जड होते, संध्याकाळी जेवण नको वाटते. नवा मुलगा पहिल्या आठवड्यात वासाची तक्रार करतो, पुढे करत नाही. वास येईनासा झाला म्हणजे वाफ गेली असे त्याला वाटते. खरे तर त्याचे नाक थकलेले असते. पिवळ्या आणि केशरी रंगांत पूर्वी शिशाचे क्रोमेट सर्रास असे. घरगुती आणि सजावटीच्या रंगांतले शिसे दशलक्षात ९० भागांवर आणणारा नियम २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. सुट्टा, बिननावाचा रंग डब्यात ओतून विकला जातो तेव्हा हा नियम कोण तपासतो, हा प्रश्न रंगारी विचारतो आणि त्याला उत्तर मिळत नाही.

उन्हाळ्यात हे सगळे सोसवते. शेडच्या बाजू उघड्या असतात, खाडीवरचा वारा आरपार जातो, घासकाम अंगणातल्या मांडवात चालते. मृग लागला की चित्र पालटते. रायगड जिल्ह्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. सुकलेल्या मूर्तीवर ओल आली की रंग धरत नाही. म्हणून शेडच्या चारही बाजूंनी प्लास्टिक खाली सोडतात आणि कडा विटांनी दाबतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरचे पत्रे उडवले, पेणच्या कारखान्यांतल्या मूर्ती भिजल्या, तेव्हापासून तर हा बंदोबस्त आणखी घट्ट झाला. आत मूर्ती सुकवायला मोठे दिवे आणि पंखे चालतात. पंखे बाहेरची हवा आत आणत नाहीत, आतलीच फिरवतात. हंगामाची घाई याच आठवड्यांत असते, रात्रपाळी याच आठवड्यांत, गन सर्वांत जास्त चालते ती याच आठवड्यांत. म्हणजे वर्षातले सर्वांत जास्त काम आणि सर्वांत कमी हवा एकाच वेळी येतात. बुवाचा गळा श्रावणात का बसतो याचे उत्तर पट्टीत नाही, त्या प्लास्टिकच्या पडद्यात आहे. गावात मात्र वर्षानुवर्षे ते खापर थंड पाण्यावर, दह्यावर, आणि कधी दृष्टीवर फुटत आले.

दवाखान्यातही तेच. खोकल्याचे औषध, ॲलर्जीची गोळी, पुन्हा तीन महिन्यांनी तेच. एकदा एका तरुण डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारले, काम काय करता? मग पुढचे विचारले: सुट्टीच्या दिवशी बरे वाटते का? गावाला गेलात तर? हंगाम संपल्यावर? त्याने सगळ्यांना हो म्हटले आणि पहिल्यांदाच खोकल्याचे कारण त्याच्या कागदावर लिहिले गेले. कामाच्या जागेमुळे होणारा त्रास ओळखण्याची ही सर्वांत स्वस्त तपासणी आहे, तिला यंत्र लागत नाही. हा प्रश्न वैद्यकात कोणी आणला तेही सांगण्यासारखे आहे. इटलीच्या मोडेना शहरातल्या बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याने १७०० मध्ये कारागिरांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला आणि रोग्याला इतर प्रश्नांबरोबर त्याचा धंदाही विचारावा असे बजावले. त्या ग्रंथात जिप्सम आणि चुन्यात काम करणाऱ्यांवर एक प्रकरण आहे, चित्रकारांवर एक आणि गायकांवर एक. पेणचा हा माणूस त्या तिन्ही प्रकरणांत बसतो. सव्वातीनशे वर्षांपूर्वी एका वैद्याने जे वेगवेगळे नोंदवले, ते इथे एकाच गळ्यात एकत्र आले आहे.

कायद्याने काय सांगितले आहे? १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे तेरावे कलम वायुवीजनाचे होते आणि चौदावे धुळीचे आणि धुराचे. अपायकारक धूळ जिथे उत्पन्न होते त्याच्या शक्य तितक्या जवळून ती खेचून घेणारी यंत्रणा बसवावी, असे चौदावे कलम सांगत असे. वाचायला हे कलम अगदी या शेडसाठीच लिहिल्यासारखे वाटते. पण कारखाना कशाला म्हणायचे याची अट माणसांच्या संख्येची आहे. मूळ कायद्यात वीज असेल तर दहा आणि नसेल तर वीस. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत वीस आणि चाळीस. पेणच्या गावांत 'कारखाना' म्हणतात तो बहुधा घराला लागून असतो, घरची चार माणसे, शेजारच्या पाच बायका, हंगामात वाढलेली दोन-चार पोरे. लोकांच्या बोलण्यात तो कारखाना आहे, कायद्याच्या मोजणीत नाही. शिवाय घासकाम नगावर दिले जाते, काही बायका मूर्ती घरी नेतात, तेव्हा ती पूड स्वयंपाकघरात आणि पाळण्याजवळ पोचते. दरवर्षी लाखो मूर्ती देणारा, परदेशातही माल पाठवणारा हा धंदा अशा छोट्या-छोट्या छपरांखाली विभागलेला आहे. त्याची ताकद त्यात आहे, कारण भाताचे एकच पीक देणाऱ्या या खारेपाटात घरोघर रोख पैसा त्यामुळेच आला. त्याचा धोकाही त्यातच आहे.

शाडूच्या मातीकडे वळले की सगळे सुटेल, असे शहरातून येणारे पाहुणे म्हणतात. नदी-खाडीपुरते ते बरोबर असेल. श्वासापुरते ते अर्धेच खरे आहे. शाडू ओला असताना घडवतात, त्यामुळे धूळ कमी, हा त्याचा मोठा गुण. पण सुकल्यावर तोही घासतात, आणि मातीच्या धुळीत सिलिका असतेच. या एका बाबतीत ती जिप्समहून जास्त जपण्यासारखी. शाडूची मूर्ती कोरडी घासू नये, ओल्या फडक्याने किंवा ओल्या स्पंजाने गुळगुळीत करावी, हे जुन्या कारागिरांना सवयीनेच येत असे. आणि गन, थिनर, पडदे, हे दोन्ही मूर्तींना सारखेच. नवे नियम करणाऱ्यांनी कच्चा माल बदला म्हणताना ही बाजूही लिहिली असती, तर निदान त्या कागदावर कारागीर माणूस म्हणून दिसला असता.

रंगाऱ्याने कारखानदाराशी बोलून जे बदल करून घेतले ते मोठे नाहीत, पण प्रत्येकामागे कारण आहे. कॉम्प्रेसर भिंतीबाहेर छपरीत गेला, रबरी नळी लांब केली. लगेच ओरडणे थांबले आणि आवाजाला पहिला आराम यातूनच मिळाला. झाडू बंद झाला. दिवसभर खाली बसलेली पूड संध्याकाळी कोरड्या केरसुणीने पुन्हा हवेत उडवायची, हे सर्वांत वाईट; आता आधी पाणी शिंपडतात, मग ओल्या पोत्याने पुसून घेतात. गोणी उंचावरून उपडी करत नाहीत, घमेल्यात आधी पाणी घेतात आणि पूड त्यात हळूहळू सोडतात, प्लास्टरची खरी रीतही तीच. रंगकामाला एक कोपरा ठरवला. मूर्तीच्या मागे, खालच्या बाजूला, बाहेर हवा फेकणारा पंखा बसवला, आणि रंगारी अशा बाजूला उभा राहतो की ताजी हवा पाठीकडून येऊन मूर्तीवरून पंख्याकडे जाते. पूर्वी पंखा त्याच्या तोंडासमोर होता, म्हणजे रंगाचे धुके सरळ त्याच्या नाकात.

मास्कचा अनुभव मिश्र आहे. पदर आणि रुमाल बारीक पूड अडवत नाहीत. कोविडच्या काळात एन-९५ घरोघर कळला, आणि धुळीसाठी तो खरेच उपयोगी आहे; अत्यंत बारीक कणही तो शंभरातले ९५ अडवतो, जर चेहऱ्याला घट्ट बसला तर. थिनरची वाफ मात्र त्यातून आरपार जाते, तिला कोळशाची डबी असलेला मास्क लागतो. ज्येष्ठाच्या उकाड्यात, घामाने निथळत, नगावर मजुरी असताना तो तोंडावर किती वेळ राहील? बायका म्हणतात, दम लागतो, हात मंदावतो. त्या काही हट्टी नाहीत. मास्क हा शेवटचा उपाय असायला हवा, आधी हवा स्वच्छ करायला हवी, हे व्यावसायिक आरोग्याचे जुने तत्त्व त्यांना अंगाने कळले आहे. रंगाऱ्याच्या शिक्षिका ताईने शाळेतून शिकून आणलेल्या दोन सवयी मात्र सगळ्यांनी उचलल्या: पाण्याची बाटली हाताशी ठेवून घोट-घोट पिणे, आणि खाकरण्याऐवजी आवंढा गिळणे. तीन आठवड्यांहून जास्त आवाज बसलेला राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून दुर्बिणीने स्वरयंत्र पाहून घ्यायचे, हेही तिनेच ठरवून दिले.

करण्यासारखे बरेच राहिले आहे, आणि ते एकट्या कारखानदाराच्या आवाक्यातले नाही. पेणला उपजिल्हा रुग्णालय आहे, गावोगाव आशाताई आहेत. हंगामाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा प्रत्येक कारागिराची फुंकरीची तपासणी, म्हणजे जोरात सोडलेली हवा मोजणे, एवढे झाले तरी कोणाच्या छातीची ताकद हंगामागणिक कमी होते आहे ते कळेल. हवा मोजण्याचे साधे यंत्र काही शे रुपयांत मिळते. मूर्तिकारांच्या संघटना विसर्जनाच्या प्रश्नावर न्यायालयापर्यंत गेल्या. त्याच एकजुटीने सामाईक रंगशेड, धूळ खेचणारे पंखे आणि रंगांच्या डब्यांवर घटक छापण्याची मागणी करता येईल.

या हंगामात घासकाम पावसापर्यंत मांडवातच चालेल, असे कारखानदाराने कबूल केले आहे. मृगानंतर शेडच्या खाडीकडच्या बाजूला प्लास्टिकऐवजी जाळीची खिडकी आणि वर छज्जा करायचा बेत आहे, म्हणजे पाऊस अडेल आणि वारा येईल. पत्र्याचा भाव विचारून झाला आहे. खर्च कोणी किती उचलायचा यावर बोलणी चालू आहेत, आणि बुवाने आपला हिस्सा रंगकामाच्या मजुरीतून वळता करून घ्या असे सांगून ठेवले आहे.